पर्यावरण समितीसाठी सात सह्या हव्यात



मागच्या रविवारी भेस्तानला आपल्या सोसायटीची मीटिंग झाली. डिझेलचा हिशेब झाला, जाळ्यांच्या अनुदानाचे फॉर्म वाटून झाले, चहा झाला. लोक उठायला लागले तेव्हा मागच्या रांगेतून एका आबांनी विचारलं, "ते घाण पाण्याचं आवेदनपत्र दिलं होतं आपण, त्याचं काय झालं?"

आम्ही फाइल काढली. गेल्या चार वर्षांत दिलेली पाच निवेदनं त्यात आहेत. पाचांपैकी दोनांवरच आवक नंबर आहे. बाकी तिघांवर काही नाही, फक्त आपले फोटो आहेत. आपण सगळे रांगेत उभे, मध्ये साहेब, हातात कागद. हे फोटो आम्हीच या पेजवर टाकले होते आणि लाईकही भरपूर आले होते. उत्तर मात्र एकाही निवेदनाला आलेलं नाही.

आबा म्हणाले, "म्हणजे आपण फोटो काढायला गेलो होतो."

कोणी हसलं नाही. आम्हालाही काही बोलता आलं नाही, कारण ते खरं होतं. घरी आल्यावर दोन दिवस तेच डोक्यात होतं, म्हणून आज हे लिहितोय. थोडं लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नदी, खाडी आणि किनारा यांच्यासाठी आपण सोसायटीपेक्षा वेगळी, नोंदणी केलेली पर्यावरण समिती काढली पाहिजे, आणि ती संकट दारात यायच्या आधी काढली पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय आपल्याला खूप महाग पडलेली आहे.

होळीच्या उधाणाची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी होळीच्या पुनवेच्या उधाणाला काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. पहाटे पाग घेऊन गेलेल्या आपल्या पोरांना पाणी जांभळट दिसलं, वर फेस. ओहोटी लागली तसे काठाच्या चिखलात लेवटे उलटे पडलेले दिसले. बोयसुद्धा पोट वर करून तरंगत होती. त्या आठवड्यात आपल्या मावश्यांनी बाजारात टोपली उतरवली की गिऱ्हाईक आधी वास घ्यायचं आणि मग पुढे निघून जायचं. जी मासळी चांगली होती तीसुद्धा विकली गेली नाही.

पोरांनी व्हिडिओ काढले. ते सगळ्या ग्रुपांत फिरले, गावाकडे नंदुरबार-शहाद्यापर्यंत गेले. आपल्याला वाटलं, आता काहीतरी होईल.

दोन महिन्यांनी एका कचेरीत आम्हाला विचारलं, तारीख कोणती? वेळ? भरती होती की ओहोटी? पुलाच्या वरच्या अंगाला की खालच्या? पाण्याचा नमुना घेतला का? मेलेली मासळी कुठे तपासली? व्हिडिओ कोणाच्या मोबाईलमधला आहे? यातल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर आमच्याकडे नव्हतं. व्हिडिओ काढणारा आपलाच पोरगा, पण मोबाईलमध्ये जागा संपली म्हणून मूळ व्हिडिओ त्याने उडवून टाकला होता. राहिला होता तो दहा हातांतून फिरून आलेला, ज्यात तारीखच नाही.

वर त्या माणसाने आम्हाला एक प्रश्न विचारला, उद्धटपणे नाही, साधेपणानेच विचारला. "तुमची मंडळी मासेमारीची आहे. हा पर्यावरणाचा विषय तुमच्या पोटनियमात बसतो का?" आम्ही घरी येऊन पोटनियम काढून वाचले. बसत नाही असं नाही, पण स्पष्ट लिहिलेलंही नाही. ज्याला टाळायचं आहे त्याला तेवढी फट पुरते.

आपल्या आजूबाजूला काय चाललंय

भेस्तान म्हणजे काही बंदर नाही. एका बाजूला उधना-पांडेसरा, दुसऱ्या बाजूला सचिन, मधून रेल्वे आणि चारी बाजूंनी लूम, डाइंग, प्रिंटिंग. पण शहराच्या या भागातल्या खाड्या शेवटी मिंढोळेला जातात, मिंढोळा समुद्राला मिळते, आणि आपलं पोट त्याच मिंढोळेच्या मुखावर आणि तापीच्या खाडीवर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात गुजरातमधले 20 पट्टे होते आणि तापी व मिंढोळा या दोन्ही नद्या त्यात होत्या. म्हणजे पाणी खराब आहे हे आता आपल्याला कोणाला पटवून द्यायची गरज नाही, सरकारच्याच कागदावर ते लिहिलेलं आहे.

6 जानेवारी 2022 ची पहाट तर कोणीच विसरणार नाही. सचिन जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं जात होतं. त्याचा वायू झाला आणि सहा कामगार जीव गमावून बसले, कितीतरी दवाखान्यात गेले. ते मच्छीमार नव्हते, गिरणीत काम करणारे, आपल्यासारखेच पोटासाठी इथे आलेले. आपल्यासाठी त्यातली गोष्ट एवढीच, की ज्या नाल्यात मासे मरतात त्याच नाल्याच्या काठी माणसंही मरतात.

पुढचंही बघा. तापीवर रुंढ-भाठाच्या दरम्यान बॅरेजचा प्रकल्प आहे. शहराला गोडं पाणी मिळेल हे खरं, आणि ते कोणाला नकोय? पण भरतीचं पाणी जिथे अडतं तिथे खाऱ्या-गोड्या पाण्यात ये-जा करणारी मासळीही अडते. तिकडे नवसारी जिल्ह्यात वांसी-बोरसीला पीएम मित्र टेक्सटाईल पार्क येतंय. यातलं काय चांगलं, काय वाईट, कशात काय बदल करून घ्यायचा, हे ठरवायला कोणीतरी कागद वाचले पाहिजेत. आज आपल्यात ते कागद मागवणाराही कोणी नाही.

हजिऱ्याच्या लोकांनी काय केलं

आपल्यापासून लांब नाही, हजिरा. तिथल्या मच्छीमारांनी 'हजिरा माछीमार समिती' या नावाने लढा दिला. अदानी हजिरा बंदराच्या विस्ताराला 3 मे 2013 ला केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळाली. समितीने त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादात अपील केलं. 8 जानेवारी 2016 ला लवादाने ती मंजुरी रद्द केली आणि झालेलं नुकसान भरून काढण्यासाठी 25 कोटी रुपये भरायला सांगितले. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्या आदेशाला स्थगिती मिळाली.

शेवटचं वाक्य आम्ही मुद्दाम लपवलं नाही. समिती काढली की विजय झाला, असं खोटं आम्ही कोणाला सांगणार नाही. पण हे बघा, लहान होड्या आणि पाग घेऊन फिरणारी माणसं देशातल्या एवढ्या मोठ्या कंपनीसमोर एका टेबलावर बसली, त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं आणि निकालात लिहिलं गेलं. ते फोटोंमुळे झालं नाही. वेळेत अपील केलं, त्यामुळे झालं.

महाराष्ट्रातलंही सांगतो. उरणच्या मच्छीमारांनी जेएनपीटीच्या चौथ्या टर्मिनलच्या प्रकरणात लवादात दाद मागितली. 27 फेब्रुवारी 2015 ला लवादाने 1,630 कुटुंबांसाठी 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, म्हणजे घरटी सुमारे 5 लाख 84 हजार. तेही प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण ही 1,630 ची यादी हवेतून आली नसणार. कोणीतरी गावोगाव बसून कुटुंबं मोजली असतील, कोणाकडे कोणती होडी, कोण कुठे मासे मारत होतं हे लिहिलं असेल. आपली यादी कुठे आहे? सोसायटीच्या रजिस्टरमध्ये सभासद आहेत. पण किनाऱ्यावर चालत लेवटे पकडणारे, टोपली घेऊन बसणाऱ्या मावश्या, दुसऱ्याच्या होडीवर जाणारे, यांचं नाव कुठेच नाही. उद्या भरपाईची वेळ आली तर हेच लोक आधी सुटतील.

वरळीचं उदाहरण अजून कामाचं. मुंबईच्या कोस्टल रोडविरुद्ध हायकोर्टात गेलेल्यांमध्ये वरळी कोळीवाड्याची नाखवा मत्स्यव्यवसाय सहकारी सोसायटी होती. 16 जुलै 2019 ला हायकोर्टाने रस्त्याची किनारा नियमनाची मंजुरी रद्द केली. डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि रस्ता झाला. पण कोळी बांधव थांबले नाहीत. पुलाच्या खांबांमधलं अंतर 60 मीटर होतं, त्यातून खवळलेल्या समुद्रात होडी काढणं धोक्याचं, हे ते सांगत राहिले. शेवटी 2022 च्या अखेरीला ते अंतर 120 मीटर करण्याचं ठरलं. त्यांची मागणी त्याहून जास्त होती, पण रोज समुद्रात जाणाऱ्याला विचारा, 60 आणि 120 मध्ये काय फरक असतो.

आणि वाढवण. डहाणू तालुक्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 साली एक प्राधिकरण नेमलं गेलं, आणि त्यामागे तिथल्या नोंदणीकृत पर्यावरण संस्थेचा मोठा वाटा होता. त्या प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. पुढे 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि 30 ऑगस्ट 2024 ला बंदराचं भूमिपूजन झालं. लोक म्हणतात, शेवटी मिळालीच ना परवानगी? हो, मिळाली. पण मधली 25 वर्षं तिथल्या कुटुंबांनी त्या समुद्रावर घर चालवलं, पोरं शिकवली, लग्नं केली. पंचवीस वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी.

कायद्यातली मुदत

हे नीट लक्षात ठेवा. जमलं तर होडीच्या आत लिहून ठेवा.

एखाद्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली आणि ती आपल्याला मान्य नाही, तर हरित लवादात अपील करायला 30 दिवस मिळतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60. नव्वद दिवसांनंतर गेलात तर दार बंद.

प्रदूषणाबद्दल तक्रार असेल तर ती घटना पहिल्यांदा घडल्यापासून 6 महिने, आणि कारण दाखवून आणखी 60 दिवस.

नुकसानभरपाई मागायची असेल तर 5 वर्षं, आणि कारण दाखवून आणखी 60 दिवस.

ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तिची जाहिरात निदान 30 दिवस आधी पेपरात द्यावी लागते. म्हणजे आपल्याला अहवाल मिळवायला, वाचायला, कोणाकडून समजून घ्यायला आणि लेखी हरकत तयार करायला तेवढाच महिना. त्या महिन्यात "मीटिंग बोलावू या, कोण कोण येतंय" करत बसलो तर वरातीमागून घोडं.

आता आपल्या होळीच्या घटनेला हा हिशेब लावा. सहा महिन्यांची मुदत कधीच गेली. भरपाईची पाच वर्षांची मुदत अजून बाकी आहे. पण आपल्याकडे तारखेचा व्हिडिओ नाही, पाण्याचा नमुना नाही, कोणाची किती मासळी गेली याची नोंद नाही. आमच्याकडूनही चूक झाली. सचिव म्हणून त्या दिवशीच वहीत लिहून ठेवायला हवं होतं. आम्ही निवेदन लिहिण्यात चार दिवस घालवले आणि पंचनाम्यासाठी कोणाला बोलावलं नाही.

एकट्याने गेलं तर चालत नाही का?

चालतं. लवादाच्या कायद्यात ज्याला झळ बसली असा कोणीही माणूस जाऊ शकतो, नोंदणीकृत संस्थाच पाहिजे असं नाही. भरपाई न मागता नुसता अर्ज करायची फी 1,000 रुपये आहे. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का. दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही.

मग समिती कशाला? कारण एकट्या माणसाचं नाव अर्जावर असलं की सगळा दाब त्याच्या घरावर येतो. त्याच्या भावाची नोकरी असते, पोराची खोली भाड्याची असते, होडीचं कर्ज असतं. एक दिवस कोणीतरी चहाला बोलावतं आणि महिन्याने अर्ज मागे घेतला जातो. त्याला दोष देऊ नका, त्याच्या जागी आपण असतो तर आपणही कदाचित तेच केलं असतं. समितीच्या नावाने अर्ज असला की एक माणूस थकला तर दुसरा सही करतो. फाइल कोणाच्या घरच्या पेटीत नाही, समितीच्या कपाटात राहते. वकिलाची फी कोणाच्या खिशातून नाही, समितीच्या खात्यातून जाते, आणि पैसे देणाऱ्याला पावती मिळते.

सोसायटी आहे ना, मग वेगळं कशाला?

हा प्रश्न मीटिंगमध्ये तिघांनी विचारला आणि बरोबर विचारला. वरळीची सोसायटी स्वतः कोर्टात गेली, मग आपण का नाही?

आमची कारणं तीन. पहिलं, सोसायटीत सभासदांचा डिझेल, कर्ज आणि मासळीचा पैसा आहे. तो कोर्टाच्या कामात वापरला आणि ऑडिटमध्ये हरकत निघाली तर त्रास सगळ्यांना. दुसरं, सोसायटीला अनुदान लागतं, परवाने लागतात, रोज कचेरीत जावं लागतं. जिथे हात जोडून जायचं तिथेच दुसऱ्या दिवशी भांडायला जायचं, हे एकाच लेटरहेडवर अवघड होतं. तिसरं कारण सगळ्यात मोठं. सोसायटीत सभासद होतो तो मच्छीमार. मासळी विकणाऱ्या मावश्या, किनाऱ्यालगतचे शेतकरी, कॉलेजला जाणारी आपली मुलं-मुली, शाळेतले शिक्षक, खाडीकाठच्या वस्तीतले लोक, यांना सोसायटीत जागा नाही. समितीत असेल.

आपली पोरं मिलमध्ये आहेत, त्यांचं काय?

हे कोणी मोठ्याने बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात होतं. आपल्या निम्म्या घरांत एक जण होडीवर आणि एक जण लूम किंवा डाइंगमध्ये आहे. आमच्या घरातही तसंच आहे. बाप ज्या पाण्याला शिव्या देतो त्याच पाण्याच्या कारखान्यातून पोराचा पगार येतो. नदीत मासळी नसते त्या महिन्यात त्याच पगारावर घर चालतं.

म्हणून समितीच्या उद्देशात "कारखान्यांना विरोध" असं लिहायचं नाही, असं आमचं मत आहे. लिहायचं ते असं: खाडी, नदी आणि किनाऱ्याचं पाणी कायद्यात सांगितलेल्या मापात राहावं, मासेमारीची वाट आणि होडी लावायची जागा शाबूत राहावी, आणि कोणत्याही नव्या प्रकल्पात मच्छीमार कुटुंबांना आधी विचारलं जावं. एवढ्यात सगळं येतं. ज्या कारखान्याचं पाणी स्वच्छ होऊन बाहेर येतं त्याच्याशी आपलं भांडण नाही. ज्या प्रकल्पाने आपली जागा पूर्ण जाते आणि कोणी आपल्याला विचारतच नाही, त्याला मात्र नाही म्हणायचा हक्क आपण सोडायचा नाही. आणि सचिनची ती पहाट आठवा. नियम मोडला तर पहिला जीव मिलमधल्या पोराचाच जातो.

"तुम्ही तर बाहेरचे"

हेही ऐकायला मिळणार, आपण खान्देशातून आलेले म्हणून. एका भावाने मीटिंगमध्ये छान सांगितलं, "तापीसुद्धा खान्देशातूनच येते, तिला कोणी बाहेरची म्हणत नाही." भुसावळ, प्रकाशा करत, उकाईचं धरण ओलांडून ती सुरतेत येते. तरी नुसत्या बोलण्यावर भागणार नाही. समिती फक्त मराठी लोकांची असेल तर ती दुबळी राहील. डुमस, भीमपोर, मगदल्ल्याकडचे जे गुजराती माछी बांधव आणि हळपती कुटुंबं आहेत, त्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घेतलं पाहिजे, नुसतं पाठिंब्याला नाही, पदावर. नियमावली, अर्ज, बोर्ड सगळं गुजरातीत असावं, आणि आपल्या घरांसाठी मराठीत प्रत. कचेरीची भाषा गुजराती आहे, त्यात लाज कसली?

पदाधिकारी विकले गेले तर?

ही भीती खरी आहे. समित्या निघतात, दोन वर्षांत फुटतात, अध्यक्षाच्या दारात नवी गाडी दिसते. म्हणून नियमावलीतच काही गोष्टी पक्क्या करायच्या असं सुचवतोय:

तीन वर्षांनी पदं बदलायची, एकच माणूस सलग दोनदा अध्यक्ष नाही.

बँकेतून पैसा काढायला दोन सह्या, त्यातली एक बाईमाणसाची.

ज्या कंपनीशी किंवा बिल्डरशी विषय चालू आहे त्याच्याकडून एक रुपयाही देणगी नाही, गणपतीची नाही, क्रिकेटच्या टीशर्टची नाही.

तडजोडीच्या कागदावर सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय कोणी सही करायची नाही. केली तर ती समितीवर बंधनकारक नाही.

दर महिन्याचा जमा-खर्च आणि मीटिंगचं इतिवृत्त या पेजवर टाकायचं.

हे सगळं लिहूनही माणूस फिरायचा तो फिरेलच. पण मग निदान तो फिरला हे कागदावर दिसेल.

नोंदणीला काय लागतं

1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे निदान सात माणसं लागतात. समितीचं नाव, उद्देशपत्र, नियमावली, कार्यकारिणीची यादी, ऑफिसच्या जागेचा पुरावा आणि सगळ्यांची ओळखपत्रं. गुजरातेत ही नोंदणी सार्वजनिक ट्रस्ट म्हणून चॅरिटी कमिश्नरच्या कचेरीत होते. नंतर पॅन, मग बँक खातं. दरवर्षी हिशेब तपासून द्यायचा आणि कार्यकारिणी बदलली की ते कळवायचं. ज्या समित्या हे करत नाहीत त्या नावापुरत्या राहतात, आणि पुढे त्याच गोष्टीवरून कोर्टात त्यांची अडचण होते.

नोंदणी होईपर्यंतही आपण थांबायचं नाही. तीन कामं उद्यापासून सुरू करता येतात. एक, प्रत्येक धक्क्यावर एक वही. पाणी वेगळं दिसलं, मासळी मेली, जाळं खराब झालं, की तारीख, वेळ, भरती-ओहोटी, जागा आणि बघणाऱ्या दोघांची नावं. मूळ फोटो-व्हिडिओ उडवायचा नाही, पेनड्राइव्हमध्ये जमा करायचा. दोन, कॉलेजच्या दोन पोरींनी पेपरातल्या जनसुनावणीच्या जाहिराती आणि सरकारचं 'परिवेश' पोर्टल आठवड्यातून एकदा बघायचं. तीन, यापुढे कोणतंही निवेदन आवक नंबर घेतल्याशिवाय द्यायचं नाही, आणि महिन्याने त्यावर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायचा. फोटो नंतर.

आता सह्यांचं

सात सह्या पाहिजेत. आतापर्यंत पाच नावं आली आहेत आणि पाचही बाप्यांची आहेत, चार आपली आणि एक भीमपोरच्या माछी भाऊंचं. उरलेल्या दोन जागा आम्ही रिकाम्या ठेवल्या आहेत, त्या मासळी विकणाऱ्या बायांसाठी. नदीत काय कमी झालं हे होडीवाल्याआधी टोपलीवालीला कळतं, कारण गिऱ्हाईक तिच्याशी भांडतं. होळीच्या वेळी पहिलं सांगणारी एक मावशीच होती. "आज बोयला रंगाचा वास येतोय," असं ती म्हणाली आणि आपण तिला हसलो होतो.

येत्या रविवारी सकाळी दहाला, नेहमीच्या जागी, भेस्तानला बसू. ज्यांना सही करायची आहे त्यांनी आधारकार्डाची झेरॉक्स आणि एक फोटो आणा. ज्यांना समिती नको असं वाटतं त्यांनीही या आणि का नको ते सगळ्यांसमोर सांगा, ते इतिवृत्तात लिहिलं जाईल. आबांनाही खास बोलावलं आहे. जुनी पाच निवेदनं आम्ही घेऊन येतो. पहिल्या बैठकीत पहिलं काम तेच, त्या पाचांचं काय झालं ते लेखी विचारायचं.

आपला,
सचिव